प्रश्नांचा आदर करणारा गुरू : संत थॉमस अक्वायनस

दरवर्षी २८ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत थॉमस अक्वायनस यांचा सण साजरा करते. कॅथलिक शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांचे ते आश्रयदाते संत. ईशज्ञानाचे महामेरू म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु त्यांचा 'सुम्मा थिऑलॉजिए' हा मुख्य ग्रंथ हाती घेतला, की वाचकाला आधी भेटतात ते प्रश्न. या ग्रंथाची विभागणीच ५१२ प्रश्नांत केलेली आहे.

थॉमस यांचा जन्म इ. स. १२२५ च्या सुमारास रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान असलेल्या रोक्कासेक्का येथील किल्ल्यात, एका सरदार घराण्यात झाला. वयाच्या सुमारे पाचव्या वर्षी त्यांना मोंते कासिनो येथील बेनेडिक्टाइन मठात शिक्षणासाठी ठेवण्यात आले. देव म्हणजे काय, असा प्रश्न हा मुलगा तेथील गुरुजनांना वारंवार विचारीत असे, अशी परंपरा आहे. पुढे नेपल्स विद्यापीठात ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाशी त्यांचा परिचय झाला. १२४४ मध्ये त्यांनी भिक्षावृत्तीने राहणाऱ्या डॉमिनिकन संघात प्रवेश केला. घराण्याला हे रुचले नाही. भावांनी त्यांना वाटेत पकडून आणले व सुमारे वर्षभर घरातच अडकवून ठेवले. थॉमस मात्र आपल्या निर्णयापासून ढळले नाहीत.

सुटका झाल्यावर पॅरिस व नंतर कोलोन येथे थोर पंडित संत आल्बर्ट यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. देहाने स्थूल आणि स्वभावाने अबोल असल्यामुळे सहाध्यायी त्यांना मुका बैल म्हणून चिडवीत. या बैलाची डुरकी एके दिवशी साऱ्या जगाला ऐकू येईल, असे भाकीत आल्बर्ट यांनी केले होते, असे सांगतात.

१२५६ मध्ये थॉमस पॅरिस विद्यापीठात आचार्य झाले. त्या काळी आचार्याचे काम केवळ व्याख्यान देण्याचे नव्हते. त्याला वादसभाही चालवाव्या लागत. एका प्रकारच्या सभेत विषय आचार्यच निवडीत. शिष्य व इतर विद्वान आक्षेप मांडीत, सहायक अध्यापक त्यांना उत्तरे देई आणि नंतर आचार्य सर्व मुद्द्यांचा परामर्श घेऊन निर्णय देत. 'सत्याविषयी' हा त्यांचा ग्रंथ अशाच वादांतून सिद्ध झाला. दुसऱ्या प्रकारची सभा आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात होई. तिच्यात कोणीही, कोणत्याही विषयावर प्रश्न विचारू शकत असे. ही सभा घेणे आचार्यांवर बंधनकारक नव्हते, आणि तिला सामोरे जाण्यास धैर्य लागे. थॉमस यांनी ते वारंवार दाखविले.

प्रश्नांचे प्रकारही त्यांनी बारकाईने पारखले. ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथावर भाष्य करताना त्यांनी चार प्रश्न उलगडून दाखविले आहेत : एखादी वस्तू आहे काय, ती काय आहे, ती अमुक प्रकारची आहे काय, आणि तशी का आहे. चंद्राला ग्रहण लागते काय, हा एक प्रश्न. ते का लागते, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे माहिती मिळते, दुसऱ्याचे मिळाले म्हणजे ज्ञान होते.

हाच भेद त्यांनी श्रद्धेच्या शिक्षणालाही लावला. आचार्याने अधिकारवाणीचा आधार घ्यावा की युक्तिवादाचा, असे त्यांना एका खुल्या सभेत विचारण्यात आले. थॉमस यांनी आधी हेतू विचारात घेतला. अमुक गोष्ट खरी आहे की नाही, एवढीच शंका फेडावयाची असेल, तर ऐकणाऱ्याला मान्य असलेल्या प्रमाणांचा आधार योग्य. परंतु शिष्याला समजावे हा हेतू असेल, तर सत्याच्या मुळाशी नेणारी कारणे द्यावयास हवीत. नुसत्या आधारवचनांनी निर्णय दिला, तर शिष्याला गोष्ट खरी असल्याची खात्री पटेल. परंतु समज न येता तो रिकामाच परत जाईल.

'सुम्मा' हा ग्रंथ त्यांनी नवशिक्यांसाठी लिहिला. निरुपयोगी प्रश्नांची गर्दी, विषयक्रमाचा अभाव आणि पुनरुक्ती यांमुळे विद्यार्थी कंटाळतात, अशी खंत त्यांनी प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. म्हणून प्रत्येक उपप्रश्नात आधी पूर्वपक्ष, मग त्याविरुद्ध एखादे प्रमाण, नंतर स्वतःचे विवेचन आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला उत्तर, असा क्रम त्यांनी ठेवला. देव आहे काय, या प्रश्नावरही प्रथम स्थान मिळाले आहे ते नकाराला. जगात दुःख व दुष्टता आहे. आणि जगाचा उलगडा देवाविनाही होऊ शकतो, असे दोन आक्षेप तेथे मांडले आहेत. आजही नास्तिक मित्र हेच दोन मुद्दे पुढे करतात. थॉमस यांनी ते दडविले नाहीत.

त्यांची सर्वच उत्तरे टिकली असे नाही. पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाबाबत ख्रिस्तसभेने १८५४ मध्ये जो सिद्धांत घोषित केला, तो थॉमस यांच्या मताहून निराळा आहे. उलट, १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी निषिद्ध ठरविलेल्या २१९ विधानांपैकी काही थॉमस यांच्या मतांना स्पर्श करणारी होती. तरीही १३२३ मध्ये त्यांना संतपद बहाल झाले.

६ डिसेंबर १२७३ रोजी, संत निकोलस यांच्या सणादिवशी, मिस्सा अर्पण करताना त्यांना काही विलक्षण अनुभव आला. त्यानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. आपण जे पाहिले त्यापुढे सारे लेखन गवताच्या काडीसारखे वाटते, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्याला सांगितले. 'सुम्मा' प्रायश्चित्त संस्काराच्या विवेचनाशी अपूर्ण राहिला. लिऑन येथील विश्वपरिषदेला जात असता ७ मार्च १२७४ रोजी फोसानोवाच्या मठात त्यांचे देहावसान झाले. आयुष्यभर प्रश्न विचारणारा हा साधक अखेरीस गूढापुढे नतमस्तक झाला; परंतु प्रश्नांची वाट पूर्ण चालून मगच.

आपल्या धर्मशिक्षण वर्गात पाठ केलेली उत्तरे मुले घडाघडा म्हणतात, आणि ते आवश्यकही आहे. मात्र निर्दोष माणसांना दुःख का भोगावे लागते, असे एखाद्या मुलीने विचारले, तर आपण तिला गप्प बसवितो, की प्रश्न नेमका काय आहे हे आधी समजून घेतो? सत्य प्रश्नांना भीत नाही, हा विश्वास थॉमस यांच्या जीवनातून मिळतो. आपल्या घरातून, वर्गातून वा चर्चमधून कोणतेही मूल रिकाम्या हाती परत जाऊ नये, एवढी काळजी आपण घेतली, तरी या थोर गुरूचा सण सार्थकी लागेल.