बर्थाबाईंची गाडी

मर्सिडीज-बेंझ हे नाव आता आपल्या गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. यातली मर्सिडीज म्हणजे एक मुलगी. डाइमलर कंपनीच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकनं लेकीचं नाव गाडीला दिलं. बेंझ हे कार्ल बेंझचं आडनाव. पुढं १९२६ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि नावंही जोडली गेली. पण मैत्रिणींनो, या बेंझच्या मागं जी बाई उभी होती, तिचं स्वतःचं नाव गाडीवर कुठंच नाही. ती बर्था.

३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावी ती जन्मली. पुन्हा मुलगीच झाली, अशी खंत वडिलांनी घरच्या बायबलात लिहून ठेवली होती म्हणतात. (आपल्याकडच्यासारखंच की!) कार्लशी लग्न ठरलं तेव्हा त्याचा कारखाना बुडायला आला होता, भागीदाराशीही पटत नव्हतं. बर्थानं वडिलांकडून आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा सोडवला. १८७२ मध्ये लग्न झालं. पुढची कितीतरी वर्षं ओढाताणीचीच गेली. बिनघोड्याच्या गाडीचं पेटंट १८८६ मध्ये मिळालं, त्यावर नाव एकट्या कार्लचं. बचत गटाच्या कामात मी पाहते, धंद्यासाठी पाटल्या मोडते बायको आणि दुकानाच्या पाटीवर नाव लागतं नवऱ्याचं. तेव्हा यात नवल ते काय!

गाडी तयार झाली, पण खपेना. लोक तिला बिचकत आणि कार्लचा स्वभाव भिडस्त. मग ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवऱ्याला पत्ता लागू न देता, बर्थानं १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड यांना घेऊन ती तीनचाकी बाहेर काढली. सांगायला कारण माहेरचं. मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. तोवर मोटारीनं एवढ्या लांब कुणीच गेलं नव्हतं.

वाटेत काय झालं नाही? इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या लांब पिनेनं मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचं वेष्टण झिजलं, तिथं मोजे घसरू नयेत म्हणून बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा गुंडाळला. चेन ब्रुखजालच्या लोहाराकडून नीट करून घेतली. इंजिन तापू नये म्हणून जागोजाग पाणी भरायचं आणि चढ आला की उतरून ढकलायचं. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर जोडे शिवणाऱ्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला असं अस्तर लावायची कल्पना तिचीच.

इंधन संपलं ते वीसलोख गावात. पेट्रोल पंप कुठला आलाय तेव्हा! डाग काढायचं लिग्रोइन औषधाच्या दुकानात मिळे, तेच तिनं विकत घेतलं. जर्मन लोक पेट्रोलला बेंझिन म्हणतात. हा शब्द बेंझवरून आला असं पुष्कळांना वाटतं, पण तो कार्लच्या जन्माआधी ११ वर्षं, १८३३ मध्येच रूढ झाला. त्याचं मूळ अरबी, लुबान जावी, म्हणजे जावाकडचा लोबान. आपण घरात धुपाला घालतो तोच हा शब्द.

संध्याकाळी बर्थाबाई माहेरी पोचल्या आणि नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी दुसऱ्या वाटेनं त्याच गाडीतून परतल्या. आल्यावर नुसतं कौतुक करून घेत बसल्या नाहीत. चढासाठी आणखी एक गिअर हवा, असं कार्लला सांगितलं. त्यानं तो बसवला. मला तर प्रवासापेक्षा हे अधिक मोलाचं वाटतं. या बाईला गाडीतलं कळत होतं!

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्थाचं आयुष्य मोठं. ९५ वा वाढदिवस झाला त्याच दिवशी कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठानं तिला मानाचं सिनेटपद दिलं. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, लाडेनबुर्गच्या घरी ती गेली. २००८ मध्ये मानहाइम-फोर्त्सहाइमच्या त्या वाटेला तिचं नाव दिलं गेलं. वीसलोखचं औषधाचं दुकान त्याच वाटेवर लागतं.