चौदा हजार पाचशे एकसष्ट मते

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर उत्तर मतदारसंघाच्या मतदारांनी एका उमेदवाराला लोकसभेत जाऊ दिले नाही. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा तोच अध्यक्ष होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली, काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांना १,३८,१३७. फरक १४,५६१ मतांचा.

माझी उमेद बँकेच्या खातेवह्या जुळवण्यात गेली. ताळेबंद जुळला तरी खात्यामागचा माणूस कळत नाही, हे त्या नोकरीने शिकवले. या आकड्याचेही तसेच आहे. त्यामागचा माणूस पाहायचा तर थोडे मागे जायला हवे.

महूला १८९१ मध्ये जन्मलेला सुभेदार रामजींचा हा मुलगा साताऱ्याहून मुंबईत आला आणि परळच्या चाळीत, एका खोलीत वाढला. एल्फिन्स्टनमधून पदवी घेऊन तो कोलंबिया आणि लंडनला गेला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्याचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्हा बँकवाल्यांनी तो निदान एकदा तरी वाचावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. एवढा शिकलेला माणूस परतला तो पुन्हा याच गिरणी कामगारांच्या वस्तीत, आणि पुढे दादरला त्याने पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधले.

मताच्या हक्काचा ध्यास मात्र फार जुना. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा मुद्दा मांडला. तेव्हा मत असे ते जमीनजुमला, कर किंवा शिक्षण असलेल्यांना. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सरळ प्रौढ मतदानाची मागणी केली. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह सोडावा लागला. राखीव जागा मिळाल्या, पण त्या जागेवर कोणी बसायचे हे अखेरीस सगळ्या मतदारांनी मिळून ठरवायचे, असा तो करार होता. वीस वर्षांनी त्याची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागली.

१९३७ मध्ये भायखळा-परळ भागातून त्यांनी काँग्रेसचे उमेदवार, नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना हरवले. १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तेच कॉम्रेड डांगे १९५२ मध्ये याच मतदारसंघात त्यांच्यासमोर उभे होते. दरम्यान हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले होते. तब्येत साथ देत नव्हती. समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांशी युती होती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते.

त्या वेळची पद्धत आजच्या वाचकाला नवलाची वाटेल. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले. काँग्रेसची बैलजोडी तर आमच्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायची गरजच नव्हती.

या पद्धतीत एक पळवाट होती. एक मत आपल्या माणसाला द्यायचे आणि दुसरे कोणालाच द्यायचे नाही. याला ‘मत कुजवणे’ असा नेमका मराठी शब्द रूढ झाला. मते कुजवण्याच्या प्रचाराने आपला घात केला, अशी बाबासाहेब आणि अशोक मेहता यांची तक्रार होती. दोघांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. बाबासाहेब राज्यसभेवर गेले.

माझ्या मते खरी कसोटी पुढेच होती. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तीही दोन जागांची, आणि जोडीला पुन्हा अशोक मेहता. आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेब निवडून येतील, असा काही कार्यकर्त्यांचा आग्रह होता आणि बाबासाहेबांनी तो मानला नाही, अशी आठवण सांगितली जाते. ज्याने लोकांच्या हाती मत दिले, त्याने ते वाया घालवा म्हणून कसे सांगावे? निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले, आणि बाबासाहेब पुन्हा पडले. लोकसभा त्यांच्या नशिबी आलीच नाही.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. आता आमचा नेवासे तालुका शिर्डी मतदारसंघात येतो आणि २००९ पासून ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे घोडेगावचा पाटील असो, व्यापारी असो की शेतमजूर, सगळे एकाच यादीतून खासदार निवडतात. नोकरीत असताना मी निवडणुकीची ड्यूटी केली आहे. पहाटेपासून शाळेच्या व्हरांड्यात रांग लागते, त्यात कोण कोणाच्या पुढे उभा राहील हे जात ठरवत नाही. गावात वर्षातून किती ठिकाणी असे म्हणता येते, हे ज्याचे त्याने मोजावे.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा मुंबईचे रस्ते माणसांनी भरून वाहत होते. त्या गर्दीतल्या कितीजणांनी चार-पाच वर्षांपूर्वी हत्तीच्या पेटीत मत टाकले होते आणि कितीजणांनी बैलजोडीच्या, याची नोंद कोणत्याच वहीत नाही. ती असूही नये. मत गुप्त राहावे, ही तजवीजही त्या लोकशाहीचीच, जिच्यासाठी ते जन्मभर भांडले.