पंडिता रमाबाई : आधी प्रार्थना, मग कृती! १८९६ च्या दुष्काळात नेमकं काय घडलं होतं?

१८९६ चं वर्ष. वर्धा नदीच्या अलीकडे वऱ्हाड, म्हणजे आजचा यवतमाळ जिल्हा ज्यात येतो तो भाग, तर पलीकडे मध्य प्रांत. त्या मध्य प्रांतात दुष्काळाने माणसं मरत होती. पुण्यात ही बातमी पोहोचली, तेव्हा एक विधवा बाई तिकडे निघण्याच्या विचारात होती. पण निघण्याआधी तिने प्रार्थना केली. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

दुष्काळाशी नातं काय?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवाससोबत उपाशीपोटी पायपीट करत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथे विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पती बिपिन बिहारी मेधावीही गेले. पदरात लहानगी मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

प्रार्थनेवरून वाद का झाला?

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथे धर्मशिकवण द्यायची नाही, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाईंनी दार मात्र बंद केलं नाही.

१८९६ मध्ये अडचण काय होती?

पैसा. अमेरिकेतून येणारी मदत शारदा सदनापुरतीच होती. शेकडो मुली आणल्या तर त्यांना खायला काय घालायचं, हा प्रश्न होता. दुसरीकडे स्वतःची उपासमार आठवत होती. या घालमेलीत त्यांनी देवाकडे मार्ग मागितला आणि जायचं ठरवलं. मग मात्र वेळ घालवला नाही. दुष्काळी भागात जाऊन अनाथ आश्रयस्थानं स्वतः पाहिली आणि तुकड्या-तुकड्यांनी मुली आणल्या. सुमारे ३०० मुली जमल्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग पसरला. शहरात जास्त मुली ठेवता येईनात. पुण्याजवळ केडगावला शेतजमीन आधीच घेतलेली होती. मुलींना तिथे हलवलं. यातूनच १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं.

नुसत्या प्रार्थनेवर संस्था चालली का?

नाही. मुक्तीत विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छापखाना सुरू झाला. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करणारा महिलांचा गट उभा केला. त्याच वर्षी मुक्तीतल्या धार्मिक जागृतीची चर्चा परदेशापर्यंत पोहोचली. पण प्रार्थनेसोबत चूल, शेत आणि वर्ग यांचंही काम होतं.

रमाबाईंच्या आयुष्यात प्रार्थना ही कामाची पळवाट नव्हती. पैसा नाही, पाठिंबा नाही, अशा वेळी घाईने उडी मारायची की भीतीने मागे फिरायचं, हे ठरवण्यासाठी घेतलेली ती उसंत होती.

शेवटचं काम कोणतं?

मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. गावातल्या कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावं, हा हेतू होता. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या महिलांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी रमाबाई थांबल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं, तोवर भाषांतर पूर्ण झालं होतं. केडगावची संस्था आजही सुरू आहे.