कोऱ्या रकान्याचा हिशेब मांडणारा कॉड

समजा, सिरसाळ्यासारख्या मोठ्या गावातील गरोदर महिलांच्या तपासणीची यादी संगणकावर आहे. नावे १२०. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असलेल्या शोधल्या, ४५ निघाल्या. ११ किंवा त्याहून जास्त असलेल्या शोधल्या, ६० निघाल्या. मग १५ जणी गेल्या कुठे? त्यांचे रक्त तपासलेलेच नाही, रकाना कोरा आहे. म्हणून त्या दोन्ही याद्यांतून गळाल्या. खरे तर आधी गाठायला हवे ते त्यांनाच.

संगणक असे का वागतो, याचे उत्तर एडगर कॉड या गणितज्ञाच्या कामात आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे १९२३ साली त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्राचे शिक्षण, महायुद्धात हवाई दलात वैमानिक, १९४८ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएममध्ये नोकरी. मॅकार्थी यांच्या राजकारणाला वैतागून ते काही वर्षे कॅनडात जाऊन राहिले. चाळिशी उलटल्यावर, १९६५ साली, मिशिगन विद्यापीठाची पीएचडी घेतली.

त्या काळी साठवलेली माहिती काढायची तर ती कोणत्या वाटेने ठेवली आहे हे ठाऊक असावे लागे. कॉड यांनी १९७० च्या लेखात सुचवले, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि काय हवे तेवढेच विचारा. आयबीएमचे जुने उत्पादन चांगले खपत होते, त्यामुळे कंपनीनेच पाऊल उचलायला उशीर केला. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

तक्ता आला की कोरा रकानाही आला. तो म्हणजे शून्य नव्हे. तो म्हणजे ‘माहीत नाही’, तांत्रिक भाषेत ‘नल’. १९७९ च्या लेखात कॉड यांनी त्यासाठी खरे आणि खोटे यांच्या जोडीला ‘अज्ञात’ हे तिसरे उत्तर मांडले. न तपासलेले हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी आहे का? अज्ञात. दोन न तपासलेल्या महिलांचे सारखे आहे का? तेही अज्ञात. आणि यादीत येते ते फक्त ‘खरे’ ठरलेले. म्हणून बरोबरचे चिन्ह लावून नल शोधला तर एकही नाव हाती लागत नाही. ‘इज नल’ असेच विचारावे लागते. दोन रकान्यांची तुलना करताना दोन्ही कोरे असतील तर ते सारखे धरायचे असल्यास ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’ वापरतात. ‘नॉट इन’ तर फारच फसवे: त्यामागच्या यादीत एक जरी नल शिरला, तरी निकालात एकही ओळ येत नाही. काही जण वैतागून कोऱ्या जागी शून्य भरतात. तसे केले तर त्या १५ जणी तीव्र रक्तक्षयाच्या यादीत जातील आणि सरासरीही खाली येईल.

पुढे कॉड यांनी नलचे दोन प्रकार करावेत असे सुचवले. माहिती असायला हवी पण नाही, हा एक. आणि ती लागूच नाही, जसे पुरुषाच्या नोंदीत बाळंतपणाची तारीख, हा दुसरा. बाजारातील प्रणालींनी ते मनावर घेतले नाही. त्यांचे निकटचे सहकारी ख्रिस डेट यांना तर नल ही कल्पनाच मान्य नव्हती. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९ व्या वर्षी कॉड यांचे निधन झाले. तोवर हा वाद मिटलेला नव्हता.