पांढरीतील धान्य

कृष्णाकाठच्या पलूसचे शिवार असो की आणखी कोठले, काळी आणि पांढरी हे शब्द शेतकऱ्याच्या मुलांना सांगावे लागत नाहीत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गाव उठून गेले तरी ढासळलेल्या भिंती व चुलींची राख यांचे पांढुरके टेकाड मागे राहते. अशी माती पूर्वी लोक खत म्हणून गाड्या भरभरून नेत. तीत महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांचा इतिहास दडला आहे, हे दाखवून देणाऱ्यांत डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया हे अग्रणी होत.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईस एका गुजराती कुटुंबात झाला. मूल इतके अशक्त होते की, ते जगेल अशी कोणास आशा नव्हती. पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर त्यांनी वाचले आणि प्राचीन काळाचा ध्यास त्यांच्या मनाने घेतला. लंडनला त्यांनी डॉक्टरेट मिळविली व मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतले. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये त्यांनी मोरेश्वर दीक्षित यांच्यासह उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन विटांची घरे उजेडात आली. पण त्या नगरांच्याही आधी या भूमीवर कोण नांदत होते? प्रवरेकाठचे जोर्वे आणि नेवासे येथे त्याचे उत्तर मिळू लागले. तांबे व दगड यांची हत्यारे वापरणारी, रंगीत मडकी घडविणारी माणसे येथे शेती करीत होती.

नर्मदेकाठी नवदाटोली येथे तर जळून कोळसा झालेले धान्यच हाती आले. कोळशाचे ते कण दुसऱ्या कोणी झटकून टाकले असते! सांकलियांनी ते वनस्पतिशास्त्रज्ञ विष्णु मित्रे यांच्याकडे तपासणीस दिले. गहू, मसूर, मूग, उडीद, लाख, जवस अशी पिके ओळखू आली. तांदूळ मात्र सर्वांत खालच्या थरांत नव्हता. तो मागाहून आला होता.

१९६८ मध्ये शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीकाठी उत्खनन सुरू झाले. झैनुद्दीन अन्सारी व मधुकर ढवळीकर हे त्यांचे सहकारी. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते गाव. लोक सातू, गहू, मसूर, कुळीथ पिकवीत. पाण्यासाठी त्यांनी पाट खोदून बांध घातला होता. घरे चौकोनी व ऐसपैस होती. पुढे, इ. स. पूर्व १००० च्या सुमारास, चित्र पालटले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गहू कमी झाला, शिकारीच्या जनावरांची हाडे वाढली. पाऊसमान घटून शेती हातची गेली व माणसे गुरे-मेंढरांमागे फिरू लागली, असे अनुमान संशोधकांनी काढले. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास तर गावच ओस पडले. एवढा मोठा दुष्काळ कोणत्याही शिलालेखात कोरलेला नाही. तो राखेतून, दाण्यांतून आणि हाडांतून वाचावा लागला.

१९७३ मध्ये सांकलिया सेवानिवृत्त झाले. पुढल्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. इनामगावचे काम मात्र चालूच राहिले. त्याचा विस्तृत अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला आणि २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.