बालगंधर्व

जर्मन भाषेच्या रंगभूमीवर एक मानाची अंगठी आहे. इफलँड या नटाच्या नावाने ती ओळखली जाते. ती ज्याच्याकडे असते, तो नट आपल्यामागे ती कोणाला द्यावी हे लिहून ठेवतो. मराठी रंगभूमीवर असा मान एका नावाला मिळाला. ते नाव म्हणजे 'गंधर्व'.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. त्यांचा गळा लहानपणापासून गोड होता. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्यांना बालगंधर्व म्हटले. तेच नाव पुढे कायम झाले.

१९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी नाटकांत स्त्रियांची कामे बहुधा पुरुषच करीत. शकुंतलेच्या भूमिकेत नारायणरावांनी प्रेक्षकांची मने जिंकली.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. घरात दुःख होते. पण प्रेक्षक नाटकाची वाट पाहत होते. नारायणरावांनी मन घट्ट केले, तोंडाला रंग लावला आणि भामिनीची भूमिका केली.

१९१३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या गाण्याला तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवाँ यांची साथ असे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी केशवराव भोसले यांच्याबरोबर 'मानापमान' केले. दोघांच्या नाटक कंपन्यांत चुरस होती, तरी देशकार्यासाठी ते एकत्र आले.

पुढे बोलपट आले, नाटकांचे प्रेक्षक घटले. नारायणरावांना पैशांची चणचण भासली. पण त्यांनी गाणे सोडले नाही. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर सुरू झाले.

रामभाऊ कुंदगोळकर 'सवाई गंधर्व' झाले, सौदागर गोरे 'छोटा गंधर्व' झाले. हे नाव कोणी कागदावर लिहून दिले नव्हते. ते रसिकांनी दिले आणि गुणी कलावंतांनी आपल्या मेहनतीने सांभाळले.

शब्दार्थ
गंधर्व – देवांच्या दरबारातील गायक
रंगभूमी – नाटकाची जागा
चुरस – स्पर्धा
चणचण – टंचाई

स्वाध्याय
१. नारायणरावांना बालगंधर्व हे नाव कोणी दिले?
२. १२ मार्च १९११ रोजी नारायणरावांनी कोणते धैर्य दाखवले?