विश्लेषण : टेलिपथीच्या शोधात निघालेल्या डॉक्टरला मेंदूतील विजेचा आलेख कसा सापडला?

जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत चिप बसवली आणि नुसत्या विचाराने कर्सर हलवण्याची गोष्ट घरोघरी पोहोचली. त्याच्या जवळपास शंभर वर्षे आधी जर्मनीतील येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतील वीज पहिल्यांदा यंत्रावर टिपली. मात्र त्यांना यंत्र चालवायचे नव्हते. त्यांना एका तारेचे कोडे सोडवायचे होते.

कोणती तार?

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळच्या नॉयसेस गावी झाला. आईकडून ते कवी फ्रीडरिश रुकर्ट यांचे नातू. नल-दमयंतीचे आख्यान जर्मन पद्यात नेणारे ते हेच रुकर्ट. नातवाला खगोलशास्त्रज्ञ व्हायचे होते. लष्करी सेवेत असताना, व्युर्झबुर्ग येथे सरावाच्या वेळी त्यांचा घोडा उधळला आणि ते तोफेच्या गाडीसमोर पडले. गाडी अगदी शेवटच्या क्षणी थांबली. त्याच दिवशी संध्याकाळी वडिलांची खुशाली विचारणारी तार आली. घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे एकाएकी वाटले होते आणि तिनेच तार करायला लावली होती.

दुसऱ्या कुणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. बर्गर यांनी खगोलशास्त्र सोडले आणि वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. मनातील भावना ही ऊर्जा असेल, तर ती मोजता आली पाहिजे, हे त्यांनी मनाशी धरले.

वीज टिपली कशी?

१८९७ पासून ते येनाच्या मनोरुग्णालयात होते. १९१९ मध्ये प्रमुख झाले. आधी त्यांनी मेंदूतील रक्तप्रवाह मोजला, मग तापमान. हाती फारसे लागले नाही. प्राण्यांच्या मेंदूत वीज असते, हे ब्रिटनच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवले होते. माणसाच्या बाबतीत अडचण होती ती संदेशाच्या क्षीणपणाची. डोक्याच्या त्वचेवर पोहोचेपर्यंत तो व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा लागतो. त्यापुढे हृदयाचा ईसीजी म्हणजे ढोलताशाच!

६ जुलै १९२४ रोजी, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग उघडा राहिलेल्या १७ वर्षांच्या एका रुग्णावर त्यांना पहिले यश मिळाले. साधन होते स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर. त्यात चुंबकाच्या मधोमध ताणलेली अतिशय बारीक तार असते. वीज गेली की ती थरथरते आणि तिची सावली सरकत्या फोटोपेपरवर उमटते.

पाच वर्षे गप्प का राहिले?

कारण त्यांचा स्वतःच्याच आलेखावर विश्वास नव्हता. ही थरथर नाडीची तर नाही? स्नायूंची, त्वचेची तर नाही? रुग्णालयाचे काम संपल्यावर ते गुपचूप प्रयोग करत. मुलगा क्लाउस याच्या डोक्यालाही त्यांनी अनेकदा इलेक्ट्रोड लावले. अखेर १९२९ मध्ये पहिला शोधनिबंध आला. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला सुमारे दहा लाटा उमटतात आणि डोळे उघडले किंवा मनात गणित मांडले की त्या मावळतात, हे त्यांचे सर्वात मोठे निरीक्षण. या ‘अल्फा’ लाटा. आलेखाचे ‘ईईजी’ हे नावही त्यांनीच रूढ केले.

जर्मनीत फारसे कुणी मनावर घेतले नाही. १९३४ मध्ये केंब्रिजचे नोबेलविजेते एडगर एड्रियन यांनी सहकारी मॅथ्यूज यांच्यासह हाच प्रयोग करून पाहिला. स्वतः एड्रियन यांच्याच डोक्यातील लाटा डोळे उघडताच थांबल्या, तेव्हा जगाला पटले.

आजच्या तंत्रज्ञानाशी नाते काय?

अल्फा लाटा म्हणजे एका अर्थाने माणसाच्या हाती असलेले बटण : डोळे मिटले की चालू, उघडले की बंद. मेंदूची अवस्था बाहेरून वाचता येते, हे यातून सिद्ध झाले. याच ईईजीच्या आधारे जाक विदाल यांनी १९७३ मध्ये मेंदू आणि संगणक यांच्यातील थेट संवादाची कल्पना मांडली. १९९९ मध्ये जर्मनीतील नील्स बिरबाउमर यांच्या गटाने पूर्ण लुळ्या पडलेल्या रुग्णांना केवळ मेंदूच्या संदेशांवर अक्षरे निवडायला शिकवले. न्यूरालिंकची चिप कवटीच्या आत बसते, त्यामुळे तिला संदेश अधिक स्पष्ट मिळतो. बर्गर यांच्या वाटेवर शस्त्रक्रिया लागत नाही. टोपी घातली की झाले.

वाद कशाचा?

१९३८ मध्ये बर्गर निवृत्त झाले. १९४० मध्ये त्यांनी मनाविषयी एक पुस्तक लिहिले आणि त्यात त्या तारेची हकिगत सांगितली. नैराश्याने ग्रासलेल्या बर्गर यांनी १ जून १९४१ रोजी येनामध्ये आत्महत्या केली. नंतरची अनेक वर्षे त्यांना नाझी राजवटीचा बळी मानले गेले. कागदपत्रे तपासल्यावर हे चित्र टिकले नाही. १९३३ च्या कायद्याने ज्यांची सक्तीने नसबंदी होणार होती, त्यांची अपिले ऐकणाऱ्या येनाच्या न्यायालयात ते सदस्य म्हणून बसत होते. स्वतःच्या आलेखावर पाच वर्षे शंका घेणाऱ्या माणसाबद्दल हे वाचताना अडखळायला होते. या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. त्यातील आजारांच्या यादीत आनुवंशिक अपस्मार, म्हणजे फिट्स येण्याचा आजार, होता. आज जगभरात ईईजी सर्वाधिक काढला जातो तो याच आजाराच्या निदानासाठी.